बिनलग्नाचा पुरुष आणि त्याची किंमत




तिशी ओलांडलेल्या अविवाहित पुरुषाकडे आपला समाज दोनच नजरांनी पाहत आला आहे. एक तर तो विरक्त, नाहीतर त्याच्यात काहीतरी खोट. जालना जिल्ह्यातल्या जांबचे नारायण ठोसर बोहल्यावरून निघून गेले असे परंपरा सांगते. तेच पुढे समर्थ रामदास म्हणून पूजले गेले. स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते, हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व त्यांनी केले आणि नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे. अशांच्या लग्नाचा प्रश्न कोणी काढत नाही. पण कापूस-सोयाबीन पिकवणारा, आईवडिलांचे दुखणेखुपणे काढणारा पस्तिशीचा साधा शेतकरी एकटा असला की तो 'घोडनवरा' ठरतो. त्याचे व्यसन, तब्येत, पुरुषत्व हे सगळे पारावर चर्चेला येते, तेही त्याच्या माघारी. संत नसलेल्या आणि दोषीही नसलेल्या एकट्या माणसासाठी या व्यवस्थेत जागाच ठेवलेली नाही.

ही समजूत जुनी आहे. मुंज झालेला मुलगा लग्नाआधी गेला तर तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, ही कल्पना तिच्यातूनच आलेली. रोजच्या व्यवहारात ती अधिक बोचते. गावात हरिनाम सप्ताह बसतो. मंडप घालायला, तेलाचे डबे आणायला, पंगतीत वाढायला एकटा तरुण सगळ्यांच्या पुढे असतो; पूजेला मात्र पाटावर जोडपेच बसते. त्याच्याहून दहा वर्षांनी लहान असलेला चुलतभाऊ, लग्न झाले म्हणून, मानाचा नारळ घेतो. परभणीत खोली पाहायला गेले तर पहिला प्रश्न 'फॅमिली आहे का?' हा असतो, आणि उत्तर नकारार्थी आले की खोली आधीच दिलेली असते.

आता हा तरुण एकटा का राहिला, याचे कारण त्याच्या अंगात शोधण्याआधी जनगणना पाहावी. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. परभणीशेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ साली हा आकडा ८०७ पर्यंत घसरला होता. २००१ च्या मोजणीत जे मुलगे पाळण्यात किंवा अंगणवाडीत होते, तेच आज लग्नाच्या वयाचे आहेत. गर्भलिंग चाचणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांत आधी केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. कायदे असूनही मुली गर्भातच मारल्या गेल्या. मुली कमी, मुलगे जास्त, म्हणजे कितीही गुणी असले तरी काही मुलगे मागे राहणारच. जे सोनोग्राफीच्या खोलीत त्यांच्या जन्माच्या काळातच ठरले, त्याचा दोष त्यांच्या कपाळी मारणे हा अन्याय आहे.

शेतीची हालत हे दुसरे कारण. कोरडवाहू रानात पाऊस आणि भाव दोन्ही बेभरवशाचे. म्हणून बायोडाटात 'नोकरी पर्मनंट, पुण्यात फ्लॅट' असे पाहिले जाते, शिवाय गावाकडे जमीनही हवी असते. ही अपेक्षा शेतकरी तरुणाला जाचक वाटते. तरी शिकलेल्या मुलीने आईचे उभे आयुष्य निंदणी-वेचणीत गेलेले पाहिलेले असते. तिचा नकार त्या जगण्याला असतो. तो अपमान समजून मुलींच्या जातीवर राग धरणारा पुरुष स्वतःचेच मन नासवतो. नकार देण्याचा तिचा हक्क पूर्ण आहे, आणि नकार मिळाल्याने नाकारलेल्याची किंमत कमी होत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात ज्योती क्रांती परिषदेने काढलेला मोर्चा या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगा आहे. अविवाहित तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यांवर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. अनेकांनी तो करमणुकीचा विषय केला. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा कडक राबवा, ही त्यांची मागणी मात्र नेमकी दुखण्यावर बोट ठेवणारी होती. सरकारने बायको मिळवून द्यावी, हा सूर तेवढा चुकीचा. मुलगी ही वाटपाची वस्तू नव्हे. तरीही जी गोष्ट प्रत्येक जण घरात तोंड लपवून सोसत होता, ती त्या दिवशी भर रस्त्यावर सगळ्यांची म्हणून मांडली गेली, हे मोलाचे झाले.

लाज वाटू लागली की माणूस फसवायला सोपा होतो. दलाल परजिल्ह्यातली, परप्रांतातली मुलगी दाखवतात, रोख रक्कम घेतात, देवळात घाईने हार घालतात. आठवड्याभरात नवरी दागिन्यांसह नाहीशी होते. तक्रार द्यायचीही चोरी, कारण गावभर हसे होईल. असे लग्न टाळणेच शहाणपणाचे. मुलीच्या घरी प्रत्यक्ष जाऊन आल्याशिवाय, ती एकटीने बोलून राजी आहे हे कळल्याशिवाय आणि विवाहनोंदणीची कागदपत्रे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. जमीन गहाण टाकून तर लग्न मुळीच करू नये.

दुसरी फसवणूक घरातूनच होते, आणि ती अधिक दुखावते. 'त्याला एकट्याला काय करायचीय वाटणी?' असे म्हणत अविवाहित भावाच्या हिश्शाचा बांध हळूहळू सरकवला जातो. वर्षानुवर्षे शेतात राबायचे त्याने आणि सातबाऱ्यावर नाव इतरांचे. वास्तविक हिंदू वारसा कायद्यात मुलाचा हिस्सा लग्नावर अवलंबून नाही. पुतण्यांवर जीव असणे वेगळे आणि हक्कसोड पत्रावर सही करणे वेगळे. प्रेमापोटी जे द्यायचे ते मृत्युपत्राने देता येते, आणि मन बदलले तर मृत्युपत्र बदलताही येते. मृत्युपत्र नसेल आणि दत्तक मूलही नसेल तर अविवाहित हिंदू पुरुषाची पहिली वारस आई. ती नसेल तर वडील, तेही नसतील तर साधारणपणे भाऊ आणि बहिणी सारख्या हिश्शाने.

एकट्या पुरुषाने घर नीट ठेवावे. ज्वारीची भाकरी थापता येणे, पीठ किती ऊन पाण्यात मळायचे आणि तवा केव्हा तापला हे कळणे, यात कमीपणा नाही. बरेच एकटे पुरुष आई असेपर्यंत निभावतात आणि आई गेल्यावर ढाब्यावर व मग दारूवर येतात. त्याचे एक मोठे कारण चूल परकी राहणे हे असते. लग्न, बारसे, मौत यांना जाणे सोडू नये. पूजेचा पाट मिळाला नाही तरी सप्ताहातली आपली जागा सोडू नये. पण फुकटचा हरकाम्या म्हणूनच हाक येत असेल तर नाही म्हणायलाही शिकावे.

मूल हवे असेल तर तोही मार्ग बंद नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने सज्ञान, सुबुद्ध अविवाहित पुरुष दत्तक घेऊ शकतो. मुलगी घ्यायची तर दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचे अंतर लागते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली एकट्या पुरुषाला मुलगा दत्तक मिळतो, मुलगी नाही. त्या मार्गाने जाताना घर, उत्पन्न आणि तब्येत यांची तपासणी होते.