थेंब कुठून पडतो, ते आधी बघा

1. पॉवर स्टेअरिंग जड झालं, वळताना घूंऽ आवाज यायला लागला, की आपल्या संभाजीनगरच्या गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं: "रॅक खोलना पडेंगा साब." रॅक हा यातला बहुधा सगळ्यात खर्चिक भाग, म्हणून लगेच मान डोलावू नका. तेलाची डबी, पंपाचं सील, प्रेशरचा पाइप, परतीचा पाइप आणि मग रॅक, एवढ्या ठिकाणांहून तेल जाऊ शकतं. आमची एमएच-20 पासिंगची गाडी पंधरा वर्षं उलटून फेरनोंदणी झालेली. तिचा रॅक ठणठणीत निघाला. प्रेशरचा पाइप जिथे लोखंडी टोपीत दाबून बसवलेला असतो, तो जोड पाझरत होता.

2. आधी तेल ओळखा. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. एसीचं असेल तर नुसतं पाणी. डिझेल इंजिनचं ऑइल काळंकुट्ट. स्टेअरिंगचं बहुतेक गाड्यांत लाल, जुनं झालं की तपकिरी.

3. थेंब पडतो तिथेच गळती असते, असं नाही. तेल पाइपवरून ओघळत सगळ्यात खालच्या टोकाशी येऊन टपकतं, आणि गाडी धावताना वाऱ्याने मागेही जातं. इंजिन थंड असताना तो सगळा भाग धुऊन, पुसून पूर्ण कोरडा करा. मग संशयाच्या जागांवर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरवा. एकाने इंजिन चालू करून स्टेअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात बघायचं. पट्ट्यापासून हात आणि बाही लांब. आमच्याकडे टोपीच्या कडेला आधी केसाएवढी ओली रेघ उमटली, मग स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावर तिथेच एक फुगीर थेंब जमला. खाली शिरायचंच असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर नको, स्टँड लावा.

4. रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट हाताने दाबून बघा. आत तेल डचमळलं तर मात्र गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं. आतलं सील गेलं. तिथेही नुसतं सील बदलून भागेलच असं नाही. बूट फाटून धूळ-पाणी आत गेलं असेल, रॉडला गंजाचे खड्डे पडले असतील, तर नवं सीलही लवकरच कापलं जाणार.

5. प्रेशरच्या पाइपला साधा रबरी तुकडा आणि क्लिप लावून देणारे भेटतात. परतीच्या पाइपला क्लिप चालते, कारण तिथे दाब नगण्य. प्रेशरच्या बाजूला स्टेअरिंग टोकाला गेल्यावर दाब 70-80 बारच्या पुढे जातो. टायरमधली हवा जेमतेम 2 बार. क्लिप तिथे टिकणारच नाही, आणि गरम सायलेन्सरवर तेल उडालं तर आगीची भीती. नवा पाइप मिळत नसेल तर वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीच्या बाजूला जेसीबीचे, प्रेस मशिनचे हायड्रॉलिक होज बनवणाऱ्यांकडे जुना पाइप घेऊन जा. दोन्ही टोकं ठेवून मधला होज नवा भरून, मशिनवर क्रिम्प करून मिळतो. कारखान्यांच्या गावात राहण्याचा हा फायदा आम्ही शहरवाले फारसा वापरत नाही. होज तेलाचा आणि त्या दाबाचाच हवा, हे तोंडाने सांगा. बोल्टखालचे तांब्याचे वायसर नवे घाला, जुने पुन्हा वापरू नका.

6. तेलाच्या बाबतीत दुकानदाराचं "सब में एकच डलता" ऐकू नका. 2001 पासून शेंद्र्यात जुळलेल्या पहिल्या ऑक्टाव्हिया अजून शहरात दिसतात. त्यांचं स्टेअरिंगचं तेल हिरवं, त्यात लाल चालत नाही. होंडाचंही वेगळं. गाडीचं पुस्तक किंवा डबीचं टोपण, दोन्हीपैकी एकावर लिहिलेलं असतं.

7. नवं तेल भरल्यावर आत अडकलेली हवा काढण्यात घाई करू नका. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहायचं आणि डबीतली पातळी राखायची. नंतर इंजिन चालू करून तेच. तेलाला फेस असेपर्यंत हवा आहे असं समजा. टोकाला नेऊन चाक दाबून धरायचं नाही, पंप तापतो.

8. गळती थांबवणाऱ्या बाटल्या मिळतात. त्या सील फुगवतात, फुटक्या पाइपला त्यांचा उपयोग नाही. गाडी विकायला काढलेल्यांचं ते औषध.

9. काम झाल्यावर चाचणीला जालना रोडवर जाऊ नका, तो सरळ. संध्याकाळी शहागंज, सिटी चौकाकडे घाला, नाहीतर दौलताबादचा घाट चढवून आणा. परत आल्यावर तो जोड बोटाने पुसून बघा, आणि दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना डबीतली पातळी.