आला तो अतिथी, राहिला तो गावकरी

श्रीपांडुरंगाच्या कृपेने या महिन्यात आम्ही एका साध्या शब्दाचा विचार भाविक वाचकांपुढे मांडीत आहोत. तो शब्द म्हणजे 'बाहेरचा'. सास्तूरच्या पारावर काय, अन् पुण्या-सोलापूरच्या वस्तीत काय, हा शब्द सहज तोंडी येतो. माळकऱ्याच्या तोंडीही येतो, म्हणून त्याचा विचार अवश्य आहे.

'अतिथि' शब्दाची व्युत्पत्ती पाठशाळेत अशी सांगत की, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. स्मृतिकारांनी तर एक रात्र राहणाऱ्यालाच अतिथी म्हटले आहे. त्याचा सत्कार देवासमान करावा, हे सर्वांस मान्य. मग जो पोटासाठी आला, ज्याने इथे घर बांधले, ज्याची नातवंडे इथल्या शाळेत शिकली, तो कोण? त्याची एक रात्र तर केव्हाच सरली. आमच्या मते तो गावकरी झाला. त्याचा देवही गावचा झाला, अन् त्याचा उत्सवही गावचा झाला.

याला दृष्टांत सोलापूरचा. आमच्या धाराशिव जिल्ह्यातली कितीतरी माणसे दुष्काळाच्या दिवसांत या शहराने पोसली. १८७७ साली तिथे पहिली कापडगिरणी निघाली, अन् चहूकडून कामकरी आले. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. त्यांनी हातमाग मांडले, पुढे यंत्रमाग घातले. सोलापुरी चादर आज देशभर ओळखली जाते, ती विणणारे किती हात घरी तेलुगू बोलतात! नारळी पौर्णिमेला त्यांच्या मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा सगळे शहर उभे असते.

तसेच संक्रांतीला श्रीसिद्धेश्वरांची यात्रा भरते. बाराव्या शतकातले हे शिवयोगी सिद्धराम. त्यांची वचने कानडीत. त्यांच्या यात्रेत मानाचे सात नंदीध्वज निघतात, पांढरी बाराबंदी घातलेली माणसे ते तोलून नेतात. अक्षता सोहळ्याला जमलेल्या लाखोंत मराठी किती, कानडी किती, तेलुगू किती, हे कोणी मोजत नाही. अक्षता सगळ्यांच्याच हातून पडतात.

आणि हे केवळ सणापुरते नव्हे. १९३० साली सोलापुरात इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारला. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरच्या चौघांना फाशी दिले. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन अशी त्यांची नावे. नावे चार तऱ्हेची, दोर मात्र एकच. त्यांत बाहेरचा कोणता, हे कोणी सांगावे?

शंका : दुसऱ्याच्या देवाच्या उत्सवाला गेल्याने आपली निष्ठा ढळत नाही काय?

समाधान : ढळत नाही. आपली आई एकच असते, म्हणून शेजाऱ्याच्या आईला कोणी नमस्कार करायचा सोडतो काय? गळ्यातली तुळशीची माळ परक्या मंडपात गेल्याने तुटत नसते. शिवाय आपला विठ्ठल तरी कुठला? ज्ञानेश्वरमाउलींनी त्याला कानडा म्हटले आहे. कर्नाटकात पुरंदरदासांनी आपल्या पदांवर 'पुरंदर विठ्ठल' हीच मुद्रा घातली. आमचे नामदेवराय पंजाबात गेले. त्या परमुलखाने त्यांना जवळ केले, घुमान येथे त्यांचे स्थान जपले, अन् शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आदराने ठेवली. पंजाबने नामदेवांस 'बाहेरचा' म्हटले असते, तर ती पदे आज कुठे असती?

सास्तूरकराला तर हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीच, किल्लारीसह आपले गाव भूकंपाने कोसळले. दगडमातीच्या भिंतींखालून माणसे काढायला जवान आले, देशोदेशींची मदत आली. ढिगाऱ्यात हात घालणाऱ्याला तेव्हा कोणी त्याची भाषा विचारली नाही. त्या उपकाराची फेड शब्दांनी होत नाही, आचरणाने होते.

म्हणून शहरात नांदणाऱ्या आपल्या लेकरांना आमचे चार शब्द. शेजाऱ्याच्या सणादिवशी त्याच्या दारी जा. मिरवणूक जाईल तिथे पाण्याची घागर भरून ठेवा. त्याच्या भाषेतले चार शब्द शिका. 'जेवलात का' एवढे आले तरी पुष्कळ. आपल्या सप्ताहाला त्याला आग्रहाने बोलवा अन् पुढे बसवा. आपल्या सप्ताहाचा कर्णा आठ दिवस तोही मुकाट्याने सोसतो, हेही ध्यानी असू द्या. गावी राहणाऱ्यांनीही कामासाठी आलेल्या परमुलखाच्या मजुराला काल्याचा प्रसाद हातावर द्यावा, दुरून टाकू नये.

बाबांनो, आपलाही मुलगा आज कुठल्या तरी शहरात नवखा आहे. तिथे त्याला 'बाहेरचा' म्हटले तर आपल्या काळजाला काय होईल, एवढे ओळखले तरी हा पाठ पुरा झाला. वारीत भेटेल त्याच्या पाया पडताना आपण त्याचे गाव विचारत नाही. हीच रीत वारीतून घरी न्यावी.

रामकृष्णहरि.