माळेगावच्या प्रदर्शनासाठी कालवड

प्रश्न : मुलगी नववीत आहे. घरची लाल कंधारी कालवड तिला माळेगाव यात्रेतल्या पशुप्रदर्शनात न्यायची आहे. तयारी कशी करावी? – एक पालक, कंधार तालुका

उत्तर : मुलीचा हट्ट जरूर पुरवा. लाल कंधारी हे तुमच्याच भागाचं धन आहे. गडद लाल रंग आणि डोळ्यांभोवतीची काळी कडा ही तिची ओळख. अंगावर पांढरे डाग असतील तर प्रदर्शनाचा नाद सोडा, कालवड मात्र हौसेनं सांभाळा.

खरी मेहनत वळण लावण्याची. रोज संध्याकाळी मुलीनंच म्होरकी धरून तिला फिरवावं, मग चारही पाय सरळ ठेवून दोन-तीन मिनिटं उभं करावं. पाठीवरून, कासेवरून हात फिरवावा, ओठ उचलून दात दाखवायची सवय लावावी, कारण गट बहुधा दातांवरून ठरतात. गर्दीत बुजणारी कालवड कितीही देखणी असली तरी मागे पडते.

शेवटच्या महिन्यात भरडा वाढवून अंग भरायला जाऊ नका. एकदम जास्त धान्य पोटात गेलं की आम्लता होते, जनावर दगावूही शकतं. फुलोऱ्यापूर्वीची कोवळी ज्वारीही घालू नका. ती विषारी ठरते. लाळ्या-खुरकूत आणि लम्पीची लस किमान तीन आठवडे आधी टोचून घ्या. कानातला बिल्ला तपासा.

घरच्यांनी चारा, औषधपाणी, गाडी बघावी. परीक्षकांसमोर दावं मात्र मुलीच्याच हातात असू द्या. परतल्यावर कालवड तीन आठवडे इतर जनावरांपासून वेगळी बांधा.