हायब्रीड पिकअप आणि चार चाकांची ओढ

शेतकऱ्यांना हायब्रीड हा शब्द नवा नाही. १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला आणि पुढे गावोगावी ज्वारीलाच ‘हायब्रीड’ म्हणू लागले. दोन वाणांचे चांगले गुण एकत्र आणणे हा संकराचा हेतू असतो. परंतु एकाच वाणात सर्व गुण उतरत नाहीत, म्हणून आपण जमीन आणि पाऊस पाहून वाण निवडतो. वाहनांच्या बाबतीतही हेच लागू पडते. पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटार यांचा संकर करून तयार केलेले हायब्रीड वाहन इंधन वाचवते. परंतु लहान हायब्रीड पिकअपमध्ये चारही चाकांना ओढ देण्याची सोय असेलच असे नाही. असे का होते आणि त्याचा माल वाहणाऱ्यावर काय परिणाम होतो, हे या लेखात पाहू.

अमेरिकेतील उदाहरण

फोर्ड कंपनीने जून २०२१ मध्ये मॅव्हरिक ही लहान पिकअप अमेरिकेत जाहीर केली. मूळ किंमत वाहतूक खर्च वगळून १९,९९५ डॉलर होती आणि या किमतीत हायब्रीड यंत्रणा मिळत होती. तिच्यात २.५ लिटरचे पेट्रोल इंजिन व विजेची मोटार मिळून १९१ अश्वशक्ती होती. शहरातील मायलेज गॅलनला ४२ मैल, म्हणजे लिटरला सुमारे १८ किलोमीटर होते. हौद्यात १,५०० पौंड, म्हणजे सुमारे ६८० किलो भार घेता येत होता. मात्र ही गाडी फक्त पुढील दोन चाकांवर चालत असे.

चारही चाकांची ओढ हवी असल्यास ग्राहकाला २ लिटरचे, २५० अश्वशक्तीचे टर्बो पेट्रोल इंजिन घ्यावे लागे. त्या गाडीचे सरासरी मायलेज लिटरला साडेदहा किलोमीटरच्या आसपास होते. हायब्रीडचे सरासरी मायलेज पावणेसोळा होते. हायब्रीड गाडीला २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०० किलोचा ट्रेलर ओढण्याची मुभा होती, तर योग्य साहित्य बसवलेल्या टर्बो गाडीला त्याच्या दुप्पट. म्हणजे ग्राहकाने एकतर इंधन वाचवावे किंवा चिखलातली पकड घ्यावी, असा प्रकार होता.

हे तंत्राला अशक्य होते काय?

नाही. याच कंपनीच्या एस्केप या मोटारीत २०२० पासून हायब्रीड यंत्रणा आणि चारही चाकांची ओढ एकत्र मिळत होती. मॅव्हरिकमध्येही २०२५ च्या मॉडेलपासून ही जोडणी उपलब्ध झाली. अडचण तंत्राची नसून जागा, वजन, किंमत आणि इंधन यांच्या हिशेबाची होती. हा हिशेब पुढीलप्रमाणे समजून घ्यावा.

१. जागा : अशा गाडीत इंजिन, जनित्र, मोटार आणि गियर हे सर्व पुढच्या बाजूला एकत्र बसवलेले असते. मागील चाकांना ओढ द्यायची तर पुढे शक्ती विभागणारी गियरपेटी, गाडीखालून जाणारा लांब प्रोपेलर शाफ्ट आणि मागे डिफरन्शियल लागते. त्याच भागात सायलेन्सरची नळी, इंधनाची टाकी आणि हायब्रीडची बॅटरी यांनाही जागा हवी असते.

२. मागील सांगाडा : पुढील चाकांवर चालणाऱ्या मॅव्हरिकला मागे साधा, स्वस्त तुळईसारखा आस आहे. चारही चाकांच्या गाडीला मागे स्वतंत्र सस्पेन्शन द्यावे लागते. म्हणजे एक भाग वाढवला की दुसरा बदलावा लागतो.

३. वजन व इंधन : शाफ्ट, गियर व डिफरन्शियल यांचे वजन गाडी रिकामी असो वा भरलेली, कायम वाहावे लागते. त्यांच्या फिरण्यातही थोडी शक्ती खर्च होते. हायब्रीड घेणारा ग्राहक मायलेजसाठीच ती घेतो, म्हणून कंपनी प्रथम हलकी गाडी बाजारात आणते.

४. किंमत : वरील प्रत्येक भागाचा खर्च वाढतो. वीस हजार डॉलरच्या आत गाडी द्यायची असेल तर काहीतरी वगळावेच लागते.

मागे वेगळी मोटार बसवली तर?

हा दुसरा मार्ग आहे. टोयोटाच्या रॅव्ह-४ हायब्रीडमध्ये २०१९ च्या मॉडेलला मागील चाकांसाठी ४० किलोवॅटची स्वतंत्र मोटार होती. अशा रचनेत लांब शाफ्ट लागत नाही. परंतु मोटारीला वीज कोठून मिळते हे पाहावे. मॅव्हरिक हायब्रीडची बॅटरी १.१ किलोवॅट-तासाची, म्हणजे जेमतेम एक युनिटची आहे. तेवढ्या विजेवर आपला पाच अश्वशक्तीचा विहिरीवरील पंप पंधरा-सतरा मिनिटे चालेल. ४० किलोवॅटची मोटार पूर्ण ताकदीने चालवली तर अशी बॅटरी दोन मिनिटेही पुरणार नाही. पुढे सर्व वीज इंजिनावरील जनित्रातूनच घ्यावी लागते. निसरड्या जागेतून गाडी सुटण्यासाठी ही मदत चांगली ठरते. मात्र लांब चिखलाची चढण किंवा जड ट्रेलर यांसाठी तिच्यावर विसंबता येत नाही.

पकडीचे गणित

चाक किती ओढू शकेल हे केवळ इंजिनाच्या ताकदीवर ठरत नाही. ओढ देणाऱ्या चाकांवर किती वजन आहे आणि जमीन किती पकड देते, यावर ते अवलंबून असते. बैलाचे खूर घसरत असतील तर त्याच्या अंगातील बळ वाया जाते, तसेच हे आहे.

समजा, रिकामी गाडी १,६५० किलोची आहे आणि त्यापैकी ९६० किलो भार पुढील चाकांवर आहे. हौद्यात ५५० किलो माल भरला. तो जवळजवळ सर्व मागील चाकांवर पडतो. आता एकूण वजन २,२०० किलो झाले, पण पुढील चाकांवर ९६० किलोच राहिले. आठ फुटांना एक फूट चढणाऱ्या ओल्या मातीच्या रस्त्यावर जमिनीची पकड वजनाच्या ४० टक्के आणि चाक फिरण्याचा अडथळा ८ टक्के धरू.

• रिकाम्या गाडीला चढण्यासाठी सुमारे ३४० किलोची ओढ लागेल. पुढील चाके ३८४ किलो देऊ शकतात. गाडी चढेल.

• भरलेल्या गाडीला सुमारे ४५० किलोची ओढ लागेल; पुढील चाके ३८४ किलोच देतील. चाके जागीच फिरतील.

• भरलेल्या गाडीच्या चारही चाकांना ओढ असेल तर ८८० किलोपर्यंत पकड मिळेल. गाडी आरामात चढेल.

• तोच रस्ता वाळल्यावर पकड ६० टक्के आणि अडथळा ४ टक्के धरला, तर पुढील दोन चाकांवरही भरलेली गाडी चढेल.

हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. प्रत्यक्षात चढावर वजन आणखी थोडे मागे सरकते. तरीही मुद्दा स्पष्ट होतो : रिकामी गाडी चढली म्हणून भरलेली चढेलच, असे समजू नये.

आपल्याकडील स्थिती

बाजार समितीच्या आवारात दिसणारी आपली बहुतेक पिकअप वाहने मागील चाकांवर चालतात. त्यामुळे माल भरला की ओढ देणाऱ्या चाकांवरच भार येऊन पकड वाढते. पुढील चाकांवर चालणाऱ्या गाडीत याच्या उलट घडते. भारतातही २०२२ मध्ये मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर आल्या, तेव्हा जास्त मायलेज देणारी पूर्ण हायब्रीड यंत्रणा पुढील चाकांवरच होती. चारही चाकांची ओढ साध्या पेट्रोल इंजिनाच्या, अल्प विद्युत साहाय्य असलेल्या गाडीत मिळत होती. या मालवाहू गाड्या नव्हेत. पण निवडीचा प्रश्न तोच आहे.

गाडी निवडताना

१. वर्षातील किती दिवस भरलेली गाडी ओल्या कच्च्या वाटेने न्यावी लागते, याची नोंद ठेवावी. चार-सहा दिवसच असतील तर त्या दिवशी ट्रॅक्टरने माल डांबरी रस्त्यापर्यंत आणणे स्वस्त पडते. सबंध पावसाळा तसा जात असेल तर चारही चाकांची ओढ घ्यावी.

२. ‘हायब्रीड’ या नावावर जाऊ नये. ओढ कोणत्या चाकांना आहे, भार किती आणि ट्रेलर किती वजनाचा चालतो, हे त्याच मॉडेलच्या माहितीपत्रकात पाहावे. एकाच नावाच्या दोन गाड्यांत हे आकडे वेगळे असतात.

३. चाचणीसाठी गाडी चालवताना शक्य असल्यास नेहमीइतका भार ठेवूनच चढावर न्यावी.

४. टायरची नक्षी चांगली ठेवावी. झिजलेल्या टायरवर चारही चाके ओढली तरी चिखलात उपयोग होत नाही, आणि ब्रेक लावताना तर चार चाकांच्या ओढीचा काहीच फायदा नसतो.

५. ऑल व्हील ड्राइव्ह म्हणजे ट्रॅक्टरसारखा संथ, जोरकस गियर नव्हे. मॅव्हरिकसारख्या गाड्यांत तो नसतो. नांगरट झालेल्या रानात अशी गाडी घालू नये.

थोडक्यात, लहान हायब्रीड पिकअपला चारही चाकांची ओढ नसणे हा यंत्रातील दोष नाही. स्वस्त आणि कमी इंधनात चालणारी गाडी देण्यासाठी ती वगळलेली असते. ती वगळलेली आपल्याला चालेल की नाही, हे आपल्या शेतापासून पक्क्या रस्त्यापर्यंतची वाट ठरवते. ती वाट पावसाळ्यात एकदा भरल्या गाडीच्या नजरेने पाहावी आणि मगच पैसे मोजावेत.