‘क्रॉस’ की ‘क्रॉसिंग’?

प्रश्न : ‘आय सॉ हिम क्रॉस द रोड’ आणि ‘आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड’ यांतलं बरोबर कोणतं? मुलीचा अभ्यास घेताना माझाच गोंधळ उडतो.

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. फरक आहे तो तुम्ही किती पाहिलंत याचा. ‘क्रॉस’ म्हणजे त्यानं या कडेला पाऊल उचलल्यापासून त्या कडेला पोहोचेपर्यंत सगळं पाहिलंत. ‘क्रॉसिंग’ म्हणजे नजर गेली तेव्हा तो रस्त्याच्या मध्ये होता. पुढे पोहोचला की मागे फिरला, हे वाक्य सांगत नाही. मराठीत दोन्हींसाठी आपण सहसा ‘ओलांडताना पाहिलं’ म्हणतो, म्हणून गोंधळ होतो.

क्रिया क्षणात संपणारी असेल तर ‘इंग’नं ती पुन्हापुन्हा घडल्याचं कळतं. ‘आय हर्ड द डोअर स्लॅम’ : दार एकदा आपटलं. ‘स्लॅमिंग’ : वाऱ्यानं आपटतच राहिलं.

एक जपा. ‘आय सॉ हिम टू क्रॉस’ चूक आहे. पण कर्मणी प्रयोगात ‘टू’ परत येतो : ‘ही वॉज सीन टू क्रॉस द रोड’.

मुलीला एवढंच विचारा, ‘पूर्ण पाहिलंस की मधूनच?’ योग्य रूप तिचं तिलाच सापडेल.