प्रभाग रचना : आपल्या वस्तीचे मत कोठे जाते?

निवडणूक जाहीर झाली की आपल्या वस्तीत चर्चा सुरू होते ती तिकिटाची. कोणत्या पक्षाने कोणाला उभे केले, कोणी माघार घेतली, कोणी कोणाची मते खाल्ली, यावर विहाराच्या ओट्यावर रात्र रात्र बोलणे चालते. परंतु त्याआधी काही महिने पालिकेच्या फलकावर एक नकाशा लागून गेलेला असतो. त्याकडे आपल्यापैकी फारच थोडे लोक पाहतात. खरे पाहता निम्मी निवडणूक त्या नकाशावरच होऊन गेलेली असते. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने सभासद बंधू-भगिनींपुढे, विशेषतः विद्यार्थ्यांपुढे, हा विषय थोडा सविस्तर मांडावा असे आम्ही ठरविले.

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. आरक्षण आणि प्रभाग रचना या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. निवडून येणारा माणूस कोणत्या समाजातला असावा हे आरक्षण सांगते. तो कोणाच्या मतांवर निवडून यावा हे प्रभागाची रेषा ठरवते. राखीव जागेवरचा आपला नगरसेवक आपल्या वस्तीकडे फिरकत नाही, अशी तक्रार आपण नेहमी करतो. त्याचा दोष त्याच्या स्वभावाकडे थोडा जात असेलही. पण त्याला निवडून देणाऱ्या शंभर मतदारांपैकी आपले किती, हे आपण कधी मोजले आहे काय?

हा प्रश्न नवा नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक कायदेमंडळांत आपल्या जागा ७१ वरून १४८ झाल्या, पण अंतिम मत सर्वांच्या हाती गेले. जागा वाढल्या आणि त्या जागांवरचा आपला ताबा सैल झाला. त्याच करारात स्थानिक संस्थांमध्येही अस्पृश्य वर्गाला योग्य प्रतिनिधित्व मिळावे म्हणून सर्व प्रयत्न व्हावेत असे कलम होते. स्थानिक संस्थांतील राखीव जागांना राज्यघटनेचे बळ मात्र ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १९९३ साली मिळाले. शहरांसाठीची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. तिच्यातील अनुच्छेद २४३-टी प्रमाणे अनुसूचित जाती व जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखून ठेवाव्या लागतात, आणि त्या चक्रानुक्रमाने निरनिराळ्या प्रभागांना देता येतात.

आता गणित पाहू. विद्यार्थ्यांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. समजा, एका शहराची लोकसंख्या ४,००,००० आहे, नगरसेवक ८० आहेत आणि अनुसूचित जातींची लोकसंख्या ५२,००० म्हणजे १३ टक्के आहे. ८० चे १३ टक्के म्हणजे १०.४, म्हणून १० जागा राखीव. एका नगरसेवकामागे सरासरी ५,००० लोक. नियमाप्रमाणे या सरासरीपेक्षा १० टक्के कमी-जास्त चालते. म्हणजे एक सदस्याचा प्रभाग ४,५०० ते ५,५०० लोकांचा असू शकतो. वरवर पाहता १० टक्क्यांची ही सवलत किरकोळ वाटते. पण एक चाळ इकडे घ्यायची की तिकडे टाकायची, हे याच सवलतीत बसते.

आपली वस्ती ३,२०० लोकांची आहे असे धरा. ती अखंड एका प्रभागात राहिली तर ५,००० मध्ये तिचा वाटा ६४ टक्के होतो. आरक्षण असो वा नसो, त्या प्रभागात वस्तीला विचारल्याशिवाय कोणाला पुढे जाता येणार नाही. आता वस्तीच्या मधल्या रस्त्यावरून रेषा ओढली आणि १,६०० माणसे एका प्रभागात, १,६०० दुसऱ्यात गेली, तर दोन्हीकडे आपण ३२ टक्के. शिवाय राखीव प्रभाग निवडताना अनुसूचित जातींच्या टक्केवारीचा उतरता क्रम पाहिला जातो. तेव्हा ६४ टक्क्यांची वस्ती ३२ टक्क्यांच्या दोन तुकड्यांत गेली की ती त्या क्रमातही खाली घसरते, आणि राखीव जागा दुसरीकडे निघून जाते. एका रेषेने दोन नुकसाने. याला आम्ही वस्ती फोडणे म्हणतो.

याच्या उलटही करता येते. २,६०० आणि २,५०० लोकांच्या दोन वस्त्या शेजारी आहेत. दोन वेगळ्या प्रभागांत त्यांचे निम्म्याहून अधिक किंवा निम्म्याइतके वजन राहिले असते आणि दोन नगरसेवकांना त्यांची दखल घ्यावी लागली असती. त्या एकाच प्रभागात कोंबल्या तर ५,१०० लोकांचा जवळजवळ पूर्ण आपलाच प्रभाग होतो, लोक खूश होतात, आणि दोनाऐवजी एकच माणूस सभागृहात जातो. येथे मतभेद होऊ शकतो. सभागृहात एक खात्रीचा माणूस असावा की दोघांवर वचक असावा, याचे उत्तर प्रत्येक गावी एकच असेल असे आम्ही म्हणणार नाही.

रेषेने मताचा अधिकार कसा काढून घेता येतो याचे सर्वांत उघडे उदाहरण अमेरिकेतले आहे. अलाबामा राज्यात टस्कीगी नावाचे शहर आहे. तेथे कृष्णवर्णीय मतदारांची संख्या वाढू लागली तेव्हा १९५७ साली राज्याच्या विधिमंडळाने शहराची चौरस हद्द बदलून ती २८ बाजूंची केली. सुमारे ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून बाकी सगळे शहराबाहेर पडले. गोरा मतदार मात्र एकही बाहेर गेला नाही. कोणाचाही मताधिकार कागदावर रद्द झाला नव्हता, फक्त हद्द हलली होती. १९६० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे आखणीचे काम आहे, आम्ही लक्ष घालणार नाही, असे न म्हणता तेथील लोकांच्या बाजूने निर्णय दिला. आपल्याकडे २८ कोपऱ्यांची हद्द कोणी आखत नाही. आपल्याकडे नाला आणि रस्ता पुरेसा असतो.

आता महाराष्ट्रातला खरा पेच, तो म्हणजे बहुसदस्यीय प्रभाग. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक ही पद्धत टिकून आहे. इतर महापालिकांत मात्र २००२ साली तीन सदस्यांचे प्रभाग, २००७ ला एक सदस्याचे, २०१२ ला दोन सदस्यांचे आणि २०१७ ला साधारणतः चार सदस्यांचे प्रभाग झाले. पुढे २०२१ मध्ये तीन ठरले, २०२२ मध्ये पुन्हा चार. सरकार बदलले की प्रभागाचा आकार बदलतो. प्रत्येक बदलाबरोबर जुन्या हद्दी पुसल्या जातात, आणि मागच्या वेळी कोणता प्रभाग राखीव होता याचा हिशेब लावणेही अवघड होऊन बसते.

आपल्या उदाहरणातील शहरात चार सदस्यांचा प्रभाग केला तर तो २०,००० लोकांचा होईल. ३,२०० लोकांची आपली वस्ती त्यात अखंड ठेवली, एक घरसुद्धा तोडले नाही, तरी तिचा वाटा ६४ वरून १६ टक्क्यांवर येतो. प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा असतात आणि मतदाराला प्रत्येक जागेसाठी एक अशी चार मते असतात. 'अ' जागा अनुसूचित जातीसाठी राखीव झाली तरी तिच्यासाठी सगळे २०,००० लोकांचे क्षेत्र मत देते. म्हणजे उमेदवार आपला आणि निवड ८४ टक्के इतरांची. पुणे कराराची अडचण गल्लीपर्यंत उतरली ती अशी.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शहरात आपली घरे चार ठिकाणी विखुरलेली असतील तर लहान प्रभागांत त्यांना कोठेच वजन राहत नाही. मोठ्या प्रभागात ती एकत्र येऊ शकतात. म्हणून बहुसदस्यीय पद्धत मुळातच वाईट असे आमचे म्हणणे नाही. स्वतः बाबासाहेबांनी १९५५ साली 'थॉट्स ऑन लिंग्विस्टिक स्टेट्स' या पुस्तकात अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी दोन किंवा तीन सदस्यांचे मतदारसंघ सुचविले होते. मात्र त्यांची सूचना येथे संपत नव्हती. त्यांनी त्याला संचित मतदानाची जोड मागितली होती. ही जोड आपल्याकडचे लोक विसरतात आणि विरोधकही सोयीने विसरतात.

संचित मतदान म्हणजे मतदाराजवळ जितकी मते असतील तितकी सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा. चार जागांच्या प्रभागात १२,००० लोकांनी मतदान केले, त्यात आपले २,५०० आहेत असे समजा. त्यांनी आपली चारही मते एकाच उमेदवाराला दिली तर त्याला १०,००० मते पडतात. उरलेल्या ९,५०० मतदारांची मते ३८,०००. ती चौघांत सारखी वाटली तर प्रत्येकाला ९,५००. म्हणजे ते कितीही शहाणपणाने वागले तरी चारही जागा घेऊ शकत नाहीत. एक जागा आपली राहतेच, आणि तीही आपल्या मतांवर. आजच्या पद्धतीत 'अ'चे मत 'ब'ला देता येत नाही, त्यामुळे हेच २,५०० लोक चारही जागांवर अल्पसंख्य राहतात.

या सूचनेमागे बाबासाहेबांचा स्वतःचा अनुभव होता. १९३७ साली मुंबई प्रांताच्या निवडणुकीत संचित मतदान होते. तेव्हा ते भायखळा-परळ मतदारसंघातून निवडून आले, आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने राखीव जागांपैकी बहुसंख्य जागा जिंकल्या. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबई हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देण्यास कायद्याने बंदी होती. त्या निवडणुकीत नारायण काजरोळकर राखीव जागेवर निवडून आले आणि राज्यघटनेच्या शिल्पकाराचा चौदा हजारांहून अधिक मतांनी पराभव झाला. पराभवाची इतर कारणेही होती. तरी मत मोजण्याची पद्धत बदलली की निकाल बदलू शकतो, हे विद्यार्थ्यांनी या दोन निवडणुका शेजारी ठेवून तपासावे.

संचित मतदान आणण्यासाठी कायदा बदलावा लागेल. ते काम मोठे आहे. परंतु आज हातात असलेले साधनही आपण वापरत नाही, ते म्हणजे हरकत. प्रभागाचा मसुदा पालिकेत तयार होतो, तो नकाशासह प्रसिद्ध होतो, त्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात, सुनावणी होते आणि मग अंतिम रचना लागते. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून प्रभाग रचनेचे अधिकार राज्य शासनाकडे घेतले, तरी हरकतीची पायरी कायम आहे. हद्द ठरविण्याचे नियमही लिहिलेले आहेत. आखणी उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेला संपवावी. नदी, नाला, मोठा रस्ता, रेल्वेमार्ग अशा ठळक खुणा हद्दीस घ्याव्यात. जनगणनेचे प्रगणक गट शक्यतो फोडू नयेत. आणि अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांचे शक्यतो विभाजन होऊ देऊ नये. 'शक्यतो' या शब्दावर सगळे अडते, हे अनुभवी सभासदांना सांगायला नको.

आम्ही एकदा अशी हरकत घेतली होती. त्या पालिकेचे नाव येथे घेत नाही. वस्तीच्या मधून हद्द गेली होती. आम्ही दीडशे सह्या गोळा केल्या, निवेदनात अन्याय, षड्यंत्र असे सर्व शब्द वापरले आणि मोठ्या संख्येने सुनावणीला गेलो. अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, "तुमची वस्ती पलीकडे घेतली तर त्या प्रभागाची लोकसंख्या मर्यादेबाहेर जाते. मग बदल्यात कोणता भाग सोडायचा?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. प्रगणक गट म्हणजे काय हेही आमच्यापैकी दोघांनाच ठाऊक होते. हरकत दोन मिनिटांत फेटाळली गेली. त्याच दिवशी एका गृहनिर्माण संस्थेची एका पानाची हरकत मान्य झाली, कारण त्यात गटांचे क्रमांक, दोन्ही प्रभागांची बदललेली लोकसंख्या आणि पर्यायी हद्दीचा नकाशा होता. सह्या मात्र तीनच होत्या.

ही संधी हुकली की पुढे वाट अरुंद होते. अनुच्छेद २४३-झेडजी प्रमाणे प्रभागांच्या आखणीसंबंधीच्या कायद्याची वैधता न्यायालयात प्रश्नास्पद करता येत नाही, आणि निवडणूक लागल्यावर न्यायालये सहसा हात घालीत नाहीत. हरकतीचे ते मोजके दिवस हाच आपला काळ.

या सर्वांच्या मुळाशी आणखी एक आकडा आहे, तो जनगणनेचा. २०२१ ची जनगणना न झाल्यामुळे २०२५ ची प्रभाग रचनाही २०११ च्या आकड्यांवर करावी लागली. या आकड्याशी बौद्धांचा संबंध फार जुना आणि दुखरा आहे. धम्मदीक्षेनंतर आपण जनगणनेत बौद्ध असे अभिमानाने लिहिले, आणि १९९० पर्यंत बौद्धांना अनुसूचित जातींत धरले जात नव्हते. १९८१ साली महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ७.१४ टक्के दिसले. १९९१ ला ते ११.०९ टक्के झाले. दहा वर्षांत माणसे काही एवढी वाढली नव्हती. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश झाला, हे त्याचे मुख्य कारण. तोपर्यंत लाखो माणसे राखीव जागांच्या हिशेबाबाहेर होती.

आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून नवी जनगणना जाहीर झाली आहे. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहावे याबद्दल आपल्यात दुमत नाही. अडते ते जातीच्या रकान्यापाशी. जी जात सोडण्यासाठी बाबासाहेबांनी धर्मांतर केले ती पुन्हा का लिहावी, असे तरुण विचारतात, आणि हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. मात्र 'नवबौद्ध' किंवा 'बौद्ध' हे नाव अनुसूचित जातींच्या यादीत नाही. यादीतील जातीचे नाव लिहिले नाही तर ते कुटुंब अनुसूचित जातींत मोजले जात नाही, आणि राखीव प्रभागांचा हिशेब त्याच मोजणीवर होतो. आमच्या मते हा रकाना शासनाकडे दिलेला हिशेब आहे, आपली ओळख नव्हे. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी विहारात बसून बोलावे, पण प्रगणक दारात येण्यापूर्वी बोलावे.

मंडळाच्या वाचनालयात २०१७ ची आणि २०२५ ची प्रभाग रचना, दोन्हींचे हद्दींचे वर्णन व लोकसंख्येचे तक्ते एका फाइलमध्ये लावून ठेवले आहेत. वस्तीचा हाताने काढलेला नकाशाही आहे. त्यात नाल्यापलीकडची नवी घरे अद्याप दाखविलेली नाहीत. बारावीच्या पुढील विद्यार्थ्यांपैकी चौघा-पाचजणांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर थांबावे. घरोघर फिरून ती मोजायची आहेत.