कॉम्प्युटर नाही मिळालं, म्हणून काय बिघडलं?

सीईटीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. ‘८२ पर्सेंटाइल आहेत, मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर घेऊ का?’ पाठोपाठ दुसरा प्रश्न : ‘सिव्हिलला काही स्कोप आहे का हो?’ विचारणारे बहुधा वडील. मुलाचा आवाजही ऐकू येत नाही.

पहिल्याचं उत्तर : नका घेऊ. मुलाला प्रोग्रॅमिंगची खरोखर ओढ असेल तर गोष्ट वेगळी. साडूच्या मुलीने घेतलं म्हणून शेतीचा तुकडा विकून जागा घ्यायची, हा वेडेपणा आहे. चार वर्षांनी नोकऱ्यांचं काय होईल, हे जागा विकणाऱ्या कॉलेजलाही ठाऊक नाही. मेडिकल, बँक, एमपीएससीचे रस्ते तुम्हाला पाठ आहेत. ते इथे उगाळत नाही.

दुसऱ्या, सिव्हिलच्या प्रश्नावर मात्र सविस्तर बोलू. स्कोप आहे; हे एक उदाहरण. आयआयटी मुंबईत १९८५ पासून ‘सितारा’ नावाचं केंद्र आहे. ग्रामीण भागाला उपयोगी पडेल असं तंत्रज्ञान, हा त्याचा विषय. पदवीनंतर ‘गेट’ परीक्षा देऊन इथे एम.टेक. करता येतं. कर्जत तालुक्यात पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात टँकर. तिथल्या नळपाणी योजना का बंद पडतात, हे इथल्या विद्यार्थ्यांनी शोधलं. त्यासाठी विहिरीत टेप सोडून पाणी किती खाली गेलं ते मोजायचं, पंप किती तास चालतो ते विचारायचं, डोक्यावर हंडा कोणत्या महिन्यात चढतो हे बायकांकडून समजून घ्यायचं आणि मग संगणकावर हिशेब मांडायचा. आपल्या काळ्या कातळात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठतं. हे न बघता टाकी बांधली की ती कोरडीच राहणार. शेतकरी ज्याला ‘पोकरा’ म्हणतात, त्या कृषी संजीवनी प्रकल्पात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धतही आयआयटीतल्याच संशोधकांनी बसवून दिली.

सिव्हिल, कृषी अभियांत्रिकी, झालंच तर भूशास्त्र घेतलेल्यांना असं काम खुलं आहे. समाजशास्त्राकडे कल असेल तर ‘टिस’चं, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेचं, तुळजापूरचं केंद्र आहे.

‘पैसे मिळतात का?’ पुढे पीएच.डी.ला गेलात आणि नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. परदेशी कंपनीचं पॅकेज नव्हे, पण पोट भरतं. उन्हात फिरायची तयारी नसेल, गणित टाळायचं असेल किंवा दोन वर्षांत फ्लॅट हवा असेल, तर या वाटेला जाऊच नका.

आणि पालकहो, ऑप्शन फॉर्म मुलाला भरू द्या. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो, तो वेळेवर सांगा. तेवढीच मदत पुरे.